पाणमांजर, जाळी आणि आमची प्रश्नावली : प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर

प्रश्नावलीचा पहिला मसुदा आज मॅडमना दाखवला. ५८ प्रश्न. तीन रात्री जागून केला होता, त्यामुळे थोडी ऐटीतच होते. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, आठवा प्रश्न मोठ्याने वाचला, "पाणमांजर हा जैवविविधतेचा महत्त्वाचा घटक आहे असे आपणास वाटते का?" आणि म्हणाल्या, "याला नाही म्हणणारा माणूस तू पाहिलायस कधी?"

नाही पाहिला. शिवाय ५८ पैकी निदान २० प्रश्न याच जातीचे निघाले. मास्तर वर्गात विचारतात तसे. उत्तर आधीच ठरलेलं, फक्त वदवून घ्यायचं.

आमचं काम दोन पदरी आहे. धरणाच्या फुगवट्यात आणि वरच्या नदीत पाणमांजरं कुठे उरली आहेत ते शोधायचं, आणि मासेमारीच्या जाळ्यांत अडकून ती मरतात ते कमी कसं होईल ते बघायचं. मी दोन्ही पदर एकाच कागदात शिवून टाकले होते. मॅडमचं म्हणणं असं : प्राण्याबद्दल विचारतेस तेव्हा समोरचा जाणकार, तू शिकाऊ. तो मोकळा बोलेल. पण तो स्वतः काय करतो हे विचारलंस की तोच माणूस सावध होणार. लाजेल, घाबरेल, तुला बरं वाटावं म्हणूनही काहीबाही सांगेल. एका बैठकीत दोन्ही विचारलंस तर एकामुळे दुसरं नासेल.

ठरलं. कागद दोन, भेटी दोन, आणि मधे निदान महिनाभराचं अंतर. मसुदा फाडला नाही, उलट्या बाजूने कच्च्या नोंदींना वापरते आहे.

२१ ऑक्टोबर

पहिली चाचणी. पाचच घरं, आणि पाचव्या घरात कळलं की पहिल्या चार घरांतली उत्तरं बाद.

आम्ही 'पाणमांजर' विचारत होतो. हा शब्द पुस्तकातला. काठावरची जुनी माणसं 'ऊद' म्हणतात, पलीकडच्या काठाचे काही 'हूद'. आणि 'उदमांजर' म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे कांडेचोर येतो, म्हणजे झाडावर चढणारा, फळं खाणारा, पाण्याशी फारसं देणंघेणं नसलेला. एका काकांनी आमच्या कागदावर ठामपणे नोंदवलं होतं की पाणमांजर त्यांच्या घराच्या आढ्यावर राहतं आणि रात्री धुडगूस घालतं. आम्ही ते मुकाट्याने लिहूनही घेतलं होतं. पाचव्या घरातल्या मावशींनी विचारलं, "ताई, तुम्ही पाण्यातल्याचं विचारताय का पत्र्यावरच्याचं?"

यापुढे नाव आम्ही घ्यायचं नाही. आधी "पाण्यात, काठावर कोणकोणती जनावरं दिसतात?" एवढंच. त्यांनी जे नाव घेतलं तेच पुढे वापरायचं, मग वर्णन : शेपूट कशी, एकटं की टोळीने, विष्ठेत काय दिसतं. विष्ठा हे रामबाण. पाणमांजराच्या विष्ठेत माशांचे खवले, काटे आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतात, आणि एकदा तो उग्र वास नाकात गेला की माणूस विसरत नाही. ज्याने खरंच पाहिलंय तो वासाचं सांगताना तोंड वाकडं करतो. या तोंड वाकडं करण्याला कागदावर रकाना नाही, पण मी समासात खूण करते.

२३ ऑक्टोबर

चित्रांचा संच तयार झाला. ११ चित्रं, त्यातलं एक मुद्दाम घातलेलं : बीव्हर. तो उत्तर अमेरिकेत आणि युरोप-आशियाच्या थंड भागांत. आपल्याकडे नाही. कुणी बीव्हरलाही हो म्हणालं तर त्या माणसाची बाकीची उत्तरं जपून वापरायची, अशी ही युक्ती. मुलाखतींवर आधारलेल्या पाहणीत जे नाही ते 'आहे' म्हणून नोंदलं जाणं ही मोठी अडचण असते, आणि ती पकडायला हा साधा सापळा.

पहिल्याच दिवशी एक तरुण म्हणाला, "हा? हाय की. माझ्या मेव्हण्यानं बघितलाय." धाकट्या सहकाऱ्याला हसू आवरेना. मला मात्र त्या पोराची दया आली. तो खोटं बोलत नव्हता. पाहुण्याने एवढ्या आशेने चित्र पुढे केलं तर नाही कसं म्हणायचं, इतकंच त्याचं. चूक आमच्या विचारण्यात. आता चित्र दाखवण्याआधी सांगतो : "यातली काही जनावरं इथली नाहीतच, आम्हीच मिसळलीत. ओळखून बाजूला काढा." परीक्षा तीच, पण आता 'नाही' म्हणण्यात हुशारी आहे. फरक लगेच दिसला.

३० ऑक्टोबर

मामांबरोबर होडीतून सकाळभर. वय सत्तरीच्या पुढे, लहानपणापासून याच पाण्यात. त्यांनी आठ ठिकाणं दाखवली. त्यातल्या पाच ठिकाणी ताजी किंवा वाळलेली विष्ठा मिळाली, दोन ठिकाणी काठाच्या मातीत बिळं. महिनाभर आम्ही नकाशावर चौकोन आखून जे शोधत होतो ते मामांनी जेवायच्या आधी दाखवून दिलं.

पण एक गोष्ट लिहून ठेवते, कारण पुढे अहवाल लिहिताना मोह होणार. मामा म्हणतात टोळ्या तीन. खालच्या डोहाचे दुसरे काका म्हणतात दोन. वरच्या वळणाचे लोक म्हणतात दोन. बेरीज केली तर सात. पण ही टोळीने राहणारी जनावरं नदीचे कित्येक किलोमीटर फिरतात. मामा आपला पट्टा बघतात, काका आपला. एकच टोळी सोमवारी मामांची आणि गुरुवारी काकांची असू शकते. स्वतःच्या पट्ट्याबद्दल प्रत्येक जण पक्का, पण सबंध नदी कुणीच पाहिलेली नाही. ते सांधायचं काम आमचं, आणि त्यासाठी कॅमेरे आहेत.

उलट्या बाजूची चूक जास्त महागात पडते हेही खरं. रात्री मॅडमनी अलास्काची गोष्ट सांगितली. बोहेड व्हेलची संख्या फार घटली आहे असं धरून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९७७ साली तिथल्या मूळ रहिवाशांच्या शिकारीचा कोटा शून्यावर आणला. मोजणी कशी होत होती? बर्फाच्या कडेला बसून, मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यात दिसतील तेवढे मोजायचे. तिथल्या इन्युपियात जमातीचे शिकारी सांगत होते की व्हेल बर्फाखालूनही जातात, पातळ बर्फ डोक्याने फोडून श्वास घेतात, आणि काठापासून खूप लांबूनही जातात. १९८० च्या दशकात पाण्यात ध्वनिग्राहक सोडून त्यांचे आवाज टिपले तेव्हा शिकाऱ्यांचं म्हणणं खरं निघालं आणि संख्येचे अंदाज बरेच वर गेले.

मला यात आवडलं ते हे : शिकाऱ्यांवर श्रद्धा ठेवा असं कुणी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं तपासता येईल असं यंत्र पाण्यात सोडलं. मामांच्या तीन टोळ्यांचंही तेच करायचं.

७ नोव्हेंबर

वारा. होडी काढली नाही. कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या भरल्या. एका कॅमेऱ्यात मुंग्या.

१५ नोव्हेंबर

"पूर्वीपेक्षा कमी झालीत का?" हा प्रश्न आज कागदावरून उडवला.

तिशीतले म्हणतात, आहेत तेवढीच आहेत. मामा म्हणतात, काहीच उरली नाहीत. दोघंही बरोबर, कारण दोघांचं 'पूर्वी' वेगळं. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये यावर छोटासा लेख लिहिला होता : प्रत्येक पिढी आपल्या उमेदीत जे पाहते त्यालाच मूळ स्थिती समजते, आणि घट त्या मापाने मोजते. मोजपट्टीच दर पिढीला सरकत जाते. पॉलींना खरं तर आपल्याच व्यवसायातल्या संशोधकांचे कान टोचायचे होते, हे लोक सोयीस्कर विसरतात.

म्हणून आता 'पूर्वी' न म्हणता खुंटी ठोकून विचारतो. धरणात पहिल्यांदा पाणी अडवलं ते वर्ष. मोठा पूर आला ते वर्ष. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याची जाळी सगळ्यांकडे आली तो काळ. "तेव्हा एका वेळी जास्तीत जास्त किती पाहिली होती?" असं विचारलं की आठवणीला धरायला काहीतरी मिळतं. मामांनी डोळे मिटून बोटं मोजली. नऊ. "आई पुढं, मागून पोरं, शाळा सुटल्यासारखी." याच मामांनी मागच्या प्रश्नावलीत 'खूप' असं उत्तर दिलं होतं.

तंगुसाची जाळी या खुंटीवर बहुतेक सगळे थांबतात. सुती जाळं पाणमांजर दाताने फाडून निघून जायचं, असं तिघांनी न विचारता सांगितलं. बारीक, चिवट तंगूस फाटत नाही, उलट अंगाला गुंडाळत जातं. हवेसाठी वर येणारं जनावर पाण्याखाली अडकलं की मिनिटांचाच खेळ.

२६ नोव्हेंबर

दुसरा कागद, म्हणजे वागण्याचा. हा नाजूक. पाणमांजर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. जाळ्यात अडकून मेलं तर लोक ते गुपचूप पाण्यात सोडून देतात. कधी कुणी रागाने मारतही असेल. "तुम्ही मारलंय का?" असं विचारून खरं उत्तर मिळेल ही आशा भाबडी, आणि तसं विचारणं वाईटही. नावासकट कबुली आमच्या वहीत आली तर त्या माणसाला आम्हीच अडचणीत आणलं.

यावर एक जुनी युक्ती आहे, स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेली. तिचं फाशाचं रूप आम्ही आज आपापसांत खेळून पाहिलं. उत्तर देणारा वाटीत फासा टाकतो, आम्हाला दाखवत नाही. १ पडला तर खरं काहीही असो, 'हो' म्हणायचं. ६ पडला तर 'नाही' म्हणायचं. २ ते ५ पडले तर खरं सांगायचं. आता कुणी 'हो' म्हटलं तरी ते फाशाचं की त्याचं, कुणालाच कळत नाही. पण सगळ्यांचं मिळून गणित सुटतं. समजा १२० जणांना विचारलं आणि ४० 'हो' आले. सहातला एक भाग, म्हणजे २० 'हो' नुसत्या फाशाचे. उरले २०. खरं बोलणारे सहातले चार भाग, म्हणजे ८०. तेव्हा ८० मागे २०, म्हणजे २५ टक्के.

दक्षिण आफ्रिकेत फ्रेया सेंट जॉन आणि सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांकडून मांसभक्षक प्राणी मारण्याबद्दल याच पद्धतीने माहिती काढली, २०१२ मध्ये ते छापून आलं. त्यातलं एक निरीक्षण मला फाशाहून मोलाचं वाटतं : 'इतर शेतकरी किती मारत असतील' या अंदाजातून त्या माणसाच्या स्वतःच्या वागण्याचा माग लागतो. आपण जे करतो ते सगळेच करतात असं माणसाला वाटत असतं.

९ डिसेंबर

फासा आपटला. दोन कारणं, एक गणिताचं, एक माणसांचं.

गणिताचं मॅडमनी दाखवलं. आमच्याकडे जेमतेम ६० घरं. एवढ्याशा गटात २५ टक्के उत्तर आलं तर खरी संख्या ७ पासून ४३ पर्यंत कुठेही असू शकते. फाशाने माणसाला आडोसा मिळतो, पण त्याची किंमत नेमकेपणाने चुकवावी लागते. शेकडो, हजार माणसं असतील तर परवडतं. यादीची दुसरी पद्धत आहे, एका गटाला चार गोष्टींची यादी आणि दुसऱ्याला त्याच चार अधिक नाजूक पाचवी, 'यातल्या किती केल्या' एवढाच आकडा सांगायचा, आणि दोन सरासरींतला फरक घ्यायचा. तिचंही हेच. माणसं जास्त लागतात.

माणसांचं कारण साधं. एका आजोबांना ६ पडला, त्यांना नियमाने 'नाही' म्हणायचं होतं. ते फासा बघत राहिले, मग म्हणाले, "पण मी मारलंय ना. खोटं कशाला बोलू?" आणि सगळी हकिकत सांगून टाकली. मी पेन खाली ठेवलं. ती हकिकत इथेही लिहीत नाही.

प्रश्न बदलला. माणूस काढून टाकला, जाळं ठेवलं. "गेल्या पावसाळ्यापासून, कुणाच्याही जाळ्यात अडकलेलं जनावर तुमच्या पाहण्यात आलं का? कुठल्या डोहात, जाळं किती खोल, आस (जाळ्याचं भोक) केवढा?" आता नाव नाही, गाव नाही, दोष नाही. एकच घटना दोघांकडून ऐकू येते हे खरं, तेव्हा यातून मोजदाद होणार नाही. पण कुठे आणि कशा जाळ्यात, एवढं कळलं तरी आमचं काम पुढे जातं.

२२ डिसेंबर

आजची नोंद लांब होणार.

आम्ही गृहीत धरलं होतं की पाणमांजर मासे पळवतं, जाळं फाडतं, म्हणून लोकांचा राग आहे आणि रागामुळे ते बेफिकीर आहेत. राग कमी केला की वागणं बदलेल. सगळ्या 'जनजागृती'च्या मुळाशी हेच असतं. आइसेक आइझेन यांची १९९१ ची मांडणी मॅडमनी फळ्यावर लिहिली : माणसाचा इरादा तीन गोष्टींतून घडतो. एक, त्या कृतीबद्दल त्याचं स्वतःचं मत. दोन, चार लोक काय म्हणतील. तीन, ते आपल्या हातात आहे असं त्याला वाटतं का. "तुझे ५८ प्रश्न पहिल्या खणात. बाकीचे दोन रिकामे," मॅडम म्हणाल्या. टोमणा होता, आणि खरा होता.

मग मी एकच प्रश्न घेऊन आठवडाभर फिरले. रात्रभर जाळं का ठेवता? संध्याकाळी लावायचं, पहाटे काढायचं हे सगळे करतात. पाणमांजरं अडकतात ती बहुतेक त्याच वेळात. पहाऱ्याने, दोन तासांनी जाळं बघितलं तर अडकलेलं सोडवता तरी येईल. का नाही बघत?

उत्तरं येत गेली. अंधार. थंडी. दिवसा दुसरं काम. हे अपेक्षित होतं. पण पिल्लांच्या दिवसांत बिळांजवळच्या डोहातून जाळं काढूनच का ठेवत नाही, असं विचारलं तेव्हा सगळ्यांचा सूर एक झाला. "जागा जाते."

जाळं म्हणजे सातबारा. ज्याचं जाळं पाण्यात, त्याची जागा. एक रात्र काढलं तर सकाळी तिथे दुसऱ्याचं. मग भांडण, नाहीतर वर्षभर वाईट जागेवर बसा. पाणमांजरावर राग असलेले आणि पाणमांजराचं कौतुक असलेले, दोघंही जाळं रात्रभर ठेवतात आणि कारण दोघांचं एकच. रागाचा इथे काहीच संबंध नाही! दोन महिने आम्ही मनं वळवायच्या तयारीत होतो आणि अडचण मनात नव्हतीच.

आणखी एक. मामा स्वतः पाणी उतरायला लागलं की बिळांच्या डोहातून जाळं काढतात. दयेपोटी नाही. "पोरं शिकाऊ असतात, जाळ्यात घुसतात, मग आई जाळ्याची वाट लावते. आठ दिवस शिवत बसावं लागतं." मग त्यांची जागा कशी जात नाही? मामांनी हसून होडीतली काठी दाखवली. जाळ्याच्या दोन टोकांना दोन काठ्या रोवून ठेवतात, वर फाटक्या जाळ्याची चिंधी. मामांची काठी म्हणून कुणी हलवत नाही. वयाचा मान. बाकी कुणाच्या काठीला तो मान नाही.

रात्री फळ्यावर लिहिलं : सगळ्यांच्या काठीला मामांच्या काठीचा मान मिळाला तर?

४ जानेवारी

पोस्टरवरून वाद. धाकट्या सहकाऱ्याने मजकूर आणला : "दर वर्षी कितीतरी पाणमांजरं आपल्या जाळ्यांत मरतात. हे थांबवूया!" चित्र सुंदर, मजकूर घातक.

अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पाट्यांचा प्रयोग केला होता. तिथून लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. वाटेवर खूण केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. 'याआधीच्या पुष्कळ लोकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं' अशा अर्थाच्या पाटीजवळून जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया नेऊ नका' या साध्या पाटीजवळून २ टक्क्यांहूनही कमी. सगळेच करतात असं सांगितलं की माणूस निर्धास्त होतो.

सहकाऱ्याचा दुसरा प्रस्ताव आसामच्या हरगिले या करकोच्यावरून. तिथे पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना हाताशी धरून, ज्या पक्ष्याला लोक घाणेरडा म्हणून हाकलत आणि त्याच्या घरट्यांची झाडं तोडत, त्याच्यासाठी डोहाळजेवणासारखा सोहळा सुरू केला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार त्यांना मिळाला. "आपणही पाणमांजराचं डोहाळजेवण करू!" मॅडम म्हणाल्या, "तुझ्या घरी करणार का?" तो गप्प. तिथे ते त्या बायकांच्या जगण्यातून आलं, त्यांनी आपलं म्हटलं. इथे आपण वरून आणलं तर लोक येतील, फोटो काढतील आणि रात्री जाळं लावतील.

पोस्टर रद्द. त्याऐवजी काहीच नाही. हे 'काहीच नाही' अहवालात कसं लिहायचं ते बघावं लागेल.

१८ जानेवारी

बैठक पहिली. आमची नव्हे, त्यांची. आम्ही कोपऱ्यात. मामांनी काठीचा विषय काढला. दोन तास गेले.

"पकडून लांब सोडा की," असंही एकाने सुचवलं. हे बिबट्यांच्या बाबतीत जुन्नरला करून झालंय. विद्या अत्रेय यांचा अभ्यास सांगतो की २००१ पासून पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाल्यावर माणसांवरचे हल्ले घटले नाहीत, वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. मी सांगितलं. खोलीत थोडी शांतता पसरली, मग विषय परत काठीवर.

पैशांचा मुद्दा निघालाच. जाळं काढलं त्या रात्रींची भरपाई द्या, आणि जो काढणार नाही त्याला दंड. मला हैफा शहरातल्या पाळणाघरांची आठवण झाली. २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. दहांपैकी सहा पाळणाघरांत, मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड काढून टाकल्यावरही खाली आला नाही. आधी उशीर म्हणजे ताईंना ताटकळत ठेवल्याची लाज होती. दंडाने त्या लाजेचा दर ठरवून दिला.

पण पैसा नेहमी घात करतो असंही नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारले जात. २००१ मध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि २००४ मध्ये 'वहाली'ची मोहीम सुरू झाली. मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला येणारी लेक आहे. कोळी स्वतःचं जाळं कापून तिला सोडू लागले. कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखात्याकडून, पुरावा म्हणून फोटो कोळ्यांनीच काढायचा. तिथे पैसा हा लेकीसाठी सोसलेल्या नुकसानीचा होता. हैफात तो उशिराचा भाव होता. रक्कम किती याच्या आधी ती कशाबद्दल, हे ठरतं, असं माझं मत. मॅडमना ते पुरेसं सिद्ध वाटत नाही.

बैठकीत ठरलं : रोख काही नको. पाणमांजर सोडवण्यासाठी कुणाला जाळं कापावं लागलं तर तंगूस प्रकल्पाने आणायचं आणि शिवायला सगळ्यांनी बसायचं. ही सूचना मावशींची. दंड नाही. चिंधीची काठी ही जाळ्यासारखीच धरायची, बिळांच्या दोन डोहांपुरती, पाणी उतरायला लागल्यापासून पिल्लं आईमागे धड पोहू लागेपर्यंत. ती तारीख मामा सांगणार.

"मामा नसतील तेव्हा?" हा प्रश्न कुणीतरी विचारला. उत्तर मिळालं नाही.

२ फेब्रुवारी

बिळांचा नकाशा कुठे ठेवायचा. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या संस्थेचा आग्रह की सगळी माहिती खुली असावी. माझा विरोध. २०१९ मध्ये या पाणमांजराला साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, सगळ्यात कडक अशा पहिल्या परिशिष्टात टाकलं ते उगाच नाही. कातडीचा व्यापार होताच, वर पाळण्यासाठी जिवंत पिल्लांची मागणी वाढली होती. बिळाचा अचूक ठिकाणा म्हणजे चोराच्या हातात किल्ली. आणि तो ठिकाणा मुळात आमचा नाहीच. १९९२ च्या जैवविविधता करारातलं ८ (जे) कलम स्थानिक समूहांच्या ज्ञानाचा मान राखा, ते त्यांच्या संमतीने वापरा असं सांगतं. मामांनी आम्हाला होडीत बसवून दाखवलं ते दाखवण्यापुरतं.

तोडगा : खुल्या अहवालात फक्त मोठे चौकोन. अचूक नकाशा कागदावर, एकच प्रत, मावशींच्या पेटीत. संस्थेला पत्र गेलं. उत्तराची वाट.

२० फेब्रुवारी

कॅमेरे उतरवले. मामांच्या तीन टोळ्या : दोन नक्की वेगळ्या दिसतात. वरच्या वळणाच्या दोनांपैकी एक तीच, एकीच्या कानाला तुकडा नाही म्हणून ओळखू आली. मामांना फोटो दाखवले. मान हलवली, "मग तिसरी गेली वाटतं." चुकलो असं म्हणाले नाहीत. मीही म्हटलं नाही, कारण तिसरी खरंच गेली नसेल असं कॅमेराही सांगू शकत नाही.

वरच्या डोहात सगळ्यांच्या काठ्या. खालच्या डोहात दोन जाळी अजून रात्रभर असतात. कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे.

११ मार्च

पहाटे पावणेसहाला फोन. खालच्या डोहात, त्या दोनांपैकीच एका जाळ्यात. पोचेपर्यंत जनावर सुटून गेलेलं. काठावर तो बीव्हरवाला तरुण, गुडघ्यापर्यंत ओला, हाताला दोन ठिकाणी दाताच्या खुणा. त्याला इंजेक्शनसाठी आधी दवाखान्यात पाठवला. जाळं त्याच्या काकांचं. त्याने ते विळ्याने कापलं होतं, जवळजवळ दीड हात. काकांनी अजून तोंड उघडलेलं नाही, ना त्याच्याशी ना आमच्याशी.

नोंद : पाण्याची खोली छातीएवढी, आस मधला, जाळं काठाला समांतर, बिळापासून ४० पावलं. प्रौढ, मादी की नर माहीत नाही.

दुपारी जाळं शिवायला बसलो. सात जणं आली. काका आले नाहीत, पण जाळं त्यांनी आणून टाकलं. मावशींनी मला सुई दिली आणि गाठ दाखवली : दोरा आसातून वर, बोटाभोवती एक वेढा, मागून घेऊन ओढायचा, पण ओढताना बोट काढायचं नाही, नाहीतर आस लहान होतो. तासाभरात माझ्या आठ गाठी झाल्या. मावशींनी जाळं उजेडात धरून बघितलं, पाच उलगडल्या आणि सुई परत माझ्या हातात दिली.